लुत्फीच्या मागचा उडता फ्रीज

अख्ख्या अम्मान शहरात उभ्या माणसाला बसल्या जागी पळवणारा एकच कलाकार आहे, आणि तो म्हणजे मी! हसू नका. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि ही विद्या मी व्हिडिओ बघून शिकलोय. कॉम्प्युटरवर फोटोची एक प्रत मूळ फोटोवर ठेवायची, तिला 'मोशन ब्लर' द्यायचा, आणि एक सरकपट्टी असते ती उजवीकडे ढकलायची. की सगळ्या फोटोचे फराटे! मग ज्याला पळवायचं असेल त्याच्या अंगावरचे फराटे तेवढे खोडरबरानं पुसायचे. झालं! माणूस स्पष्ट, मागचं जग पुसट. बघणारा म्हणतो, गेला की हो हा सुसाट!

आता माझा मेव्हणा लुत्फी. पोरगा सोन्यासारखा, पण वेगाशी त्याचं कधी जमलंच नाही. तो स्कूटरवरून निघाला की पायी चालणारे त्याला सलाम करून पुढे जातात. रमजान लागायच्या आधी यानं कतायफचं दुकान काढलं. छोट्या घावनांत अक्रोड भरायचे, दुमडायचे, तळून पाकात सोडायचे. हात चांगला आहे त्याचा. शिवाय घरपोच सेवा!

"दाजी," तो म्हणाला, "एक फ्लेक्स करून द्या ना. मी जरा लवकर पोचतो असं वाटलं पाहिजे."

"लुत्फ्या, तू फक्त स्कूटरवर बस! बाकी माझ्यावर सोड!"

फोटो आमच्या घरामागच्या गल्लीत काढला. स्कूटर स्टँडवर होती, तरी हा हेल्मेट घालून हँडल घट्ट धरून बसला होता. मागे भिंत, आणि शेजाऱ्यानं भंगारात काढलेला पांढरा फ्रीज. घरी येऊन मी सरकपट्टी थोडी ढकलली. मजा येईना. आणखी ढकलली. भिंतीच्या शेवया झाल्या! मग म्हटलं, कंजुषी कशाला? पार टोकाला नेली. फ्रीज हवेत लांबच लांब पसरला आणि लुत्फी त्याच्या पुढे बंदुकीतून सुटल्यासारखा दिसायला लागला. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी उठून स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

फ्लेक्स लागला. ऑर्डरी धडाधड आल्या. आणि त्याच्या पाठोपाठ आले अबू नायफ!

अबू नायफ म्हणजे लुत्फीचे होणारे सासरे. त्यांच्या नजवाशी याचं ठरलेलं, ईदनंतर लग्न. या माणसानं उभा जन्म शाळेची बस चालवली आणि बसला कधी चौथा गिअर दाखवला नाही. वेगानं जाणारा माणूस दिसला की ते रस्त्याकडे पाठ करून उभे राहतात.

दुपारच्या नमाजानंतर ते थेट माझ्या घरात.

"वस्फी! हे लग्न मोडलं!"

"अहो काका, बसा तरी!"

"काय बसा? आंगठी परत पाठवतोय! तो फ्लेक्स पाहिलास? हा मुलगा रस्त्यावरून जातोय की आभाळातून? आणि त्या बिचाऱ्या म्हातारीचं काय झालं?"

"कुठली म्हातारी?"

"नमाजाच्या पांढऱ्या कपड्यातली! यानं उडवलेली! वर तिचा फोटो दुकानावर लावता? लाज वाटत नाही?"

"काका, ती म्हातारी नाही! तो फ्रीज आहे!"

"फ्रीज?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच फ्रीजमधून बाहेर आलोय. "फ्रीज उडतो?"

आत स्वयंपाकघरात माझी बायको सुहैर हे सगळं ऐकत होती. दारातून डोकावून ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, माझ्या भावाचं लग्न मोडलं ना, तर तुम्ही त्या फ्रीजमध्येच राहायला जा!"

मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला. पुरावाच दाखवतो म्हटलं! "हे बघा काका. ही सरकपट्टी डावीकडे आणली... आणखी आणली... बघा! स्कूटर उभी! भिंत जागेवर! फ्रीज जागेवर!"

अबू नायफनी चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "म्हातारीला उडवायचं, आणि मग या यंत्रावर म्हातारीचा फ्रीज करायचा?"

"अहो नाही!"

"पुरावा पुसायची सोय घरातच करून ठेवलीय! मेव्हणा उडवतो, दाजी पुसतो! काय घराणं शोधलं मी माझ्या पोरीसाठी!"

मी आणखी समजावत गेलो आणि आणखी खोल रुतत गेलो. शेवटी सुहैरच बाहेर आली. "काका, उद्या सगळे आमच्याकडे इफ्तारला या. लुत्फी तुम्हाला स्कूटरवर घेऊन येईल. स्वतः मागे बसून बघा तो कसा चालवतो ते. मग आंगठी परत करायची तर करा."

अबू नायफनी दाढी कुरवाळली. "बरं. पण एकदा जरी वेगात गेला, तर तिथंच उतरेन!"

दुसऱ्या दिवशी अबू नायफची बायको उम्म नायफ आणि नजवा दुपारीच आमच्याकडे मदतीला आल्या. मी गाडी घेऊन अबू नायफच्या घरी गेलो, लुत्फीच्या मागून यायचं म्हणून. निघताना त्याच्या कानात सांगितलं, "हळू चालव हं!"

"दाजी, यापेक्षा हळू?"

"हो! आयुष्यात चालवली नसशील इतकी हळू!"

गाढवानं ते मनावर घेतलं!

इफ्तारच्या आधीचं आमचं अम्मान तुम्ही बघायलाच हवं. सगळं शहर उपाशी, सगळं शहर घराकडे, आणि ब्रेक कुणालाच आठवत नाही. त्या गदारोळात आमची ही वरात मुंगीच्या पावलानं टेकडी चढत होती. मागून भोंगे, शिव्या, पुन्हा भोंगे! मी काच खाली करून स्कूटरला चिकटूनच होतो, त्यामुळे दोघांचं सगळं ऐकू येत होतं.

पहिल्या वळणावर अबू नायफ म्हणाले, "शाब्बास!" दुसऱ्या वळणावर नुसतं "हं." तिसऱ्यावर एक आजोबा काठी टेकत स्कूटरच्या पुढे निघून गेले.

"पोरा, ते आजोबा पुढे गेले."

"जाऊ द्या काका. त्यांना घाई असेल."

मग मांजर आडवं आलं. लुत्फी थांबला. मांजर रस्त्यातच बसलं आणि पंजा चाटायला लागलं. लुत्फी थांबूनच! आणि तेवढ्यात चहूबाजूंनी रोजा सोडायची, मगरिबची अजान झाली. दिवसभराचा उपास, घसा कोरडा, आणि घर अजून पार टेकडीच्या माथ्यावर. मांजर उठल्यावर पुढच्या सिग्नलला स्वयंसेवक गाड्यागाड्यांत खजूर आणि पाणी वाटत होते. अबू नायफनी आशेनं हात लांब केला.

"काका, हात आत घ्या!" लुत्फी ओरडला. "चालत्या गाडीतून हात बाहेर काढणं धोक्याचं असतं!"

खजूर हुकला. पाणीही हुकलं.

"उतर!" अबू नायफ इतक्या जोरात गरजले की मीच गाडीतून उतरायला निघालो. "उतर खाली! मागे बस!"

लुत्फी मुकाट्यानं मागे बसला. अबू नायफनी झब्बा गुडघ्यापर्यंत खोचला, हँडल धरलं, आणि देवाशपथ सांगतो, स्कूटर दिसेनाशी झाली! इतकी वर्षं त्या बसमध्ये दाबून ठेवलेला सगळा वेग त्या माणसानं एका चढावर मोकळा केला. लांबून मला लुत्फीची "अगं आई गंऽऽ" तेवढी ऐकू आली.

मी घरी पोचेपर्यंत यांची सूपची दुसरी वाटी चालू होती. अबू नायफ शांत, तृप्त, अगदी पीर! लुत्फी मात्र हेल्मेट घालूनच जेवत होता.

"मुलगा गुणी आहे," अबू नायफ जाहीर करते झाले. "आंगठी राहू दे बोटात. ईदनंतर लग्न!"

नजवा लाजून हसली, सुहैरनं माझ्याकडे कधी नव्हे ते प्रेमानं बघितलं. आणि मग तिनंच घोटाळा केला! "मी गच्चीतून तुमचा येतानाचा फोटो काढलाय," म्हणत तिनं मोबाईल सरळ उम्म नायफच्या हातात दिला.

फोटोत सगळे फराटेच फराटे होते. दिव्याच्या खांबाचा पट्टा, भिंतीच्या शेवया, आणि मधोमध फुगलेला झब्बा नि दात काढून हसणारा एक चेहरा!

उम्म नायफ एवढी वर्षं नवऱ्याकडून सावकाश चालवण्यावर प्रवचनं ऐकत आलेल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "पुढे बसून चालवतंय कोण हे?"

टेबलाखाली माझ्या पायावर जबरदस्त पाय पडला.

"अगं, ही या वस्फीची कारागिरी!" अबू नायफ घाईनं म्हणाले. "मी उभ्या गाडीवर नुसता बसून बघत होतो. याला काही दिसलं की फराटे ओढल्याशिवाय राहवतच नाही! खरं ना रे वस्फी?" आणि माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता, "लग्न हवंय ना?"

लुत्फी माझ्याकडे बघत होता. नजवा बघत होती. सुहैर तर डोळ्यांनीच फ्रीज दाखवत होती.

"हो काकू," मी म्हणालो. "आत्ताच केला. जेवता जेवता. हल्ली मोबाईलवरही होतं." थाप मारली ती रोजा सुटल्यावर, एवढंच काय ते समाधान!

उम्म नायफनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि मान हलवत मोबाईल मला परत दिला.

"नाही जमलं रे बाबा तुला यात," त्या म्हणाल्या. "उगीच काहीतरी ओढून ताणून केल्यासारखं वाटतं. त्या फ्लेक्सवर बघ, लुत्फी कसा अगदी खराखुरा पळतोय!"