साकवाची वर्तणूक

आमच्या गावच्या साकवाला पाच वर्षांची शिक्षा झाली आहे.

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल. अलीकडे गाव, गिरणी, शाळा. पलीकडे वरची वाडी. गेल्या भाद्रपदात वाडीतल्या वनिताकाकीचा नवरा महादेव दळण घेऊन घरी जाताना क्षणभर कठड्याला टेकला. कठडा तुटला आणि महादेव वाहून गेला. न्याय समितीने आठ दिवसांत निकाल दिला. साकवाने आपली बाजू मांडली नाही, हे निकालात त्याच्याविरुद्ध धरलं आहे.

शिक्षेच्या अटी साध्या आहेत. साकवावरून कोणी जायचं नाही. त्याची डागडुजी करायची नाही, कारण शिक्षा भोगणाऱ्याला सुखसोयी देता येत नाहीत. आणि रोज सकाळी एका घराने जाऊन त्याला चार शब्द सुनवायचे. पाळीची काठी दारोदार फिरते. ज्याच्या दारात काठी, त्याचा त्या दिवशी बोलायचा मान. बहुतेक लोक "लाज नाही वाटली तुला" एवढं म्हणून घरी जातात. काही जण घरात साठलेलंही तिथेच बोलून घेतात.

मी साकवाच्या वर्तणुकीची नोंद ठेवते. मी शहरात समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. परत आल्यावर त्या पदवीचा गावाला काहीतरी उपयोग व्हावा, असं समितीला वाटलं.

समितीचे अध्यक्ष दाजी. वय एकोणऐंशी. सदस्य रेडकर मास्तर, वय चौऱ्याहत्तर. मास्तरांनी मला चौथीत वर्षभर अंगठे धरून उभं केलं होतं. मी पदवीधर झाले त्याचं श्रेय ते त्या अंगठ्यांना देतात. तिमाही बैठकीत त्यांनी माझी वही चाळली.

"नुसतं 'शांत होता', 'शांत होता' लिहिलंयस," मास्तर म्हणाले. "पश्चात्ताप दिसतो का?"

"तो साकव आहे, मास्तर."

"म्हणजे नाही," दाजी म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

मी विचारलं, की कठड्याला आतून वाळवी लागली होती आणि वर रंग मारला होता, तो रंग ज्याने मारला त्या ठेकेदाराचं काय. ठेकेदार दाजींचा भाचा आहे. तो बैठकीला चहा घेऊन आला होता आणि माझ्या हातात कप देत होता.

"शलाका," दाजी शांतपणे म्हणाले, "माणसाला शिक्षा केली की वैर येतं. चार पिढ्या चालतं. साकवाला कोण आहे?"

यावर ठेकेदारानेही मान हलवली. चहा चांगला होता.

वनिताकाकी त्या बैठकीला आली होती. तिची मुलगी रेशम आठवीत आहे. ओढ्याला पाणी वाढलं की वाडीतल्या मुलांना सडकेने अकरा किलोमीटर फिरून शाळेत यावं लागतं, म्हणून ती येत नाहीत. रेशमचे चाळीस दिवस बुडाले होते. आणखी वीस बुडाले तर वर्ष जाणार होतं. काकीने समितीला एवढंच विचारलं, की कठडा बसवून साकव मोकळा करता येईल का.

दाजींना वाईट वाटलं. ते म्हणाले, "वनिता, तुझ्याचसाठी तर त्याला शिक्षा दिली गो. तूच असं म्हणालीस तर गावाने काय करायचं?"

"मला त्याच्यावर राग नाही," काकी म्हणाली.

"तुला नसेल. गावाला आहे."

पुढच्या सोमवारी काठी काकीच्या दारात आली. ती साकवाजवळ गेली, पण काही बोलली नाही. तिने कंबरेला गुंडाळलेला काथ्याचा दोर सोडला आणि कठडा तुटला होता तिथे, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, तीन पदरी आवळून बांधला. मी समोरच होते. मला लिहावं लागलं.

समिती त्याच संध्याकाळी बसली. गुन्हा उघड होता: कैद्याला मदत. पण तो काकीचा म्हणावा तर ती फिर्यादी; फिर्यादीला शिक्षा केली तर निकालच लटका पडतो. शेवटी समितीने दोर दोषी ठरवला. त्याला साकवाच्या उरलेल्या शिक्षेइतकी, म्हणजे चार वर्षांची शिक्षा झाली.

आमच्याकडे जुना नियम आहे: जिथे गुन्हा, तिथेच शिक्षा. पूर्वी बाबू घाडीने परक्याचे फणस चोरले, तेव्हा त्याला महिनाभर त्याच फणसाखाली बसवलं होतं. त्या महिन्यात आणखी फणस गेले, पण नियम मोडला नाही. त्या नियमाने दोराला साकवावर, त्याच दोन खांबांमध्ये, चार वर्षं काढायची होती. तो कोणी सोडू नये म्हणून मास्तरांनी गाठींना लाखेचं सील लावलं.

काकीने निकाल दोनदा वाचून घेतला. मग मला म्हणाली, "म्हणजे आता तो कोणाच्या बापाला सोडता यायचा नाही?"

मी नाही म्हटलं.

मंगळवारी साकवावर दोन फळ्या सापडल्या. बुधवारी अकरा खिळे. गुरुवारी बांबू. आणून कोण टाकतं हे कळलं नाही. मी नोंद सकाळी आठनंतर घेते. समितीने प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी घेतली आणि प्रत्येकाला जागच्या जागी ठोकून ठेवण्याची शिक्षा दिली. ठोकायला ठेकेदारालाच बोलावलं. या वेळी काम पक्कं झालं, कारण मास्तर शेजारी उभे राहून प्रत्येक खिळा हलवून पाहत होते. कैदी पळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सव्वादहाला रेशम दप्तर घेऊन साकवावरून गावात आली. संध्याकाळी पाचला त्याच वाटेने परत गेली. मी दोन्ही वेळा लिहिल्या.

आता आरोपी माणूस होता, तेव्हा दाजी खूप गंभीर होते. त्यांनी रेशमला विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

"कबूल," रेशम म्हणाली. "दोन्ही."

"घरून शिकवून पाठवलंय," मास्तर म्हणाले.

"शाळेत शिकवलंय, मास्तर. खरं बोलावं म्हणून."

निकाल नियमाप्रमाणेच लागला. गुन्हा साकवावर, सकाळी सव्वादहाला एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा घडला. म्हणून रेशमने साकवाची शिक्षा संपेपर्यंत रोज त्याच वेळी, त्याच दिशेने साकवावर हजर राहायचं. शिक्षा अतिकडक होऊ नये म्हणून मास्तरांच्या सूचनेवरून रविवार, सणवार आणि मे महिना वगळला. दाजींनी विचारलं, काही म्हणायचं आहे का. वनिताकाकीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, की निकाल मान्य आहे.

आता वाडीतल्या चौदा मुलांना अशी शिक्षा झाली आहे. तीन बायकांना गिरणीच्या वेळेची झाली आहे. गावात गुन्हे फार वाढले, असं दाजींचं मत आहे, पण एकही कैदी शिक्षा चुकवत नाही हे पाहून शिक्षेचा उपयोग होतो यावरचा त्यांचा विश्वास अधिकच दृढ झाला आहे. मास्तर तर रोज सव्वादहाला काठी टेकत मोजणीला येतात.

मी सगळ्यांची वर्तणूक लिहिते. साकव शांत असतो. दोर जागेवर असतो. मुलं वेळेवर येतात.

रेशम मधोमध पोचली की दोराच्या एका गाठीवर हात ठेवून थोडी थांबते आणि मग शाळेत जाते. थांबणं तिच्या शिक्षेत धरलेलं नाही. मी ते लिहीत नाही.