बार्टलीच्या कुरणातला ट्राउट

आमच्या तळ्यात कुठे कोणता खडक आहे, ते मला डोळे बांधून विचारा. बत्तीस वर्षं मी पाहुण्यांना होडीतून ट्राउट मासे धरायला नेतोय. या एप्रिलमध्ये आठ दिवस पावसानं झोडपलं, तळं काठ सोडून वर चढलं आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं, तेव्हा माझी बायको नुआला म्हणाली, "फेस्टी, तुझ्या सगळ्या खुणा बुडाल्यात. आज नको जाऊस." मी म्हटलं, खुणा नवशिक्यांना लागतात.

शिवाय कॉन्सेप्टाबाईंना नाही म्हणवेना. सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान चाळीस वर्षं याच तळ्यावर यायचे आणि बाईंना घरी ठेवायचे. म्हणे, बायकांच्या बडबडीनं मासे पळतात. यजमान गेले. आता त्यांचीच गळाची काठी घेऊन बाई एका दिवसासाठी आल्या होत्या. एकच ट्राउट हवा होता, पण स्वतःच्या हातानं धरलेला.

मी खडकांच्या रांगेकडे वल्हवत निघालो. वाटेत गळावरची पिसांची खोटी माशी पाण्यावर कशी टाकावी, यावर माझं व्याख्यान. बाई गप्प ऐकत होत्या. तास झाला तरी खडक सापडेनात. मग धाडकन खालून काहीतरी लागलं आणि होडी अडकली.

"अचूक जागेवर आलो," असं म्हणत मी ढकलायला उतरलो. गुडघाभर पाण्याचा अंदाज होता, कमरेपर्यंत गेलो. पायाला खडक लागेना. गवत लागलं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "फेस्टी, तळ्याला फाटक असतं का रे?"

पाण्याबाहेर फाटकाची वरची दांडी दिसत होती. आमची होडी बार्टली मॅनियनच्या कुरणाच्या दगडी बांधावर बसली होती!

इथे मासा नाही, गळ आवरा, असं मी सांगितलं. बाईंनी फाटकापाशी उठणाऱ्या वर्तुळांकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बुडबुडे आहेत. खरं तर बुडालेल्या गवतातून गांडुळं वर येत होती आणि ट्राउट तिथे पंगतीला बसले होते. बाईंनी माशी नेमकी तिथेच टाकली. काठी कमानीसारखी वाकली, बाई झटक्यानं मागे सरकल्या, होडी बांधावरून सुटली आणि बाई, मासा व माझा जेवणाचा डबा घेऊन वाऱ्याबरोबर निघाली.

मी बांधावर चढून सूचना देत राहिलो: दोरी सैल सोडा, काठी वर धरा. वारा नुसता घोंघावत होता. एक शब्दही ऐकू आला नाही, म्हणूनच मासा निसटला नाही, असं बाई नंतर म्हणाल्या.

मला न्यायला बार्टली ट्रॅक्टर घेऊन पाण्यात उतरला. त्यानं एवढंच विचारलं, की त्याची एखादी गाय गळाला लागली का.

वाऱ्यानं होडी काठाला लावली होती आणि तिथे बाई दोन किलोचा ट्राउट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे ओले होते.

"मी सारखी बोलत होते त्याच्याशी, फेस्टी," त्या म्हणाल्या. "पळाला नाही."

संध्याकाळी पबमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की फेस्टीला पाणी वाचता येतं. मासा बिचकू नये म्हणून तो होडीतून उतरलासुद्धा. मी विनयानं ग्लासात पाहत राहिलो.

जूनमध्ये पाणी ओसरलं. परवा ही गोष्ट ऐकून डब्लिनहून दोघं आले आणि बाईंच्या त्याच जागेवर न्या, म्हणून हटून बसले. तिथे बार्टलीच्या गाई चरत होत्या. मी म्हटलं, सध्या तिथे मासा जरा कमी आहे.