घाबरू नका, पुढे या!

प्रवीणनं छातीठोकपणे सांगून टाकलं, "यंदा स्पर्धेत मी बोलणारच! मंग कोण मले महोदय म्हणते, पायतो!"

गेल्या गॅदरिंगला चिमूरच्या कॉलेजात तो स्टेजवर चढला, "अध्यक्ष महोदय" एवढंच म्हणाला आणि तसाच खाली उतरला. तेव्हापासून अख्खं कॉलेज, अगदी कँटीनवालासुद्धा, त्याला महोदय म्हणे! हे नाव पुसायचं होतं. आणि यंदाचा विषय काय, तर 'आत्मविश्वास'!

सरावासाठी त्यानं जंगलाला लागून असलेलं आपलं धानाचं शेत गाठलं. चिटपाखरू नव्हतं. दोन्ही हात उंचावून तो गरजला, "मित्रांनो! घाबरू नका! पुढे या!"

आता जंगलाकाठच्या गावात शेतातून ओरडा आला, की कोणी अर्थ विचारत बसत नाही. हाती येईल ते घेऊन धावायचं! शेजारचे मुखरूभाऊ कुऱ्हाड घेऊन धावले, आशाबाई पत्र्याचा पिपा बडवत आल्या, मागून निम्मं गाव!

"कुठी हाये वाघ?"

एवढी माणसं पाहिली आणि प्रवीणचे उंचावलेले हात तसेच वर राहिले.

"बोल ना बाप्पा! काऊन गप्प हायेस?" आशाबाई ओरडल्या.

"भा... भाषण..."

"भाषण? जंगलात?"

तेवढ्यात मुखरूभाऊ बांधापलीकडे वाकले आणि तिथंच थिजले. गवत दबलेलं, अजून कोमट! शेजारी पंजांचे ताजे ठसे!

"अरे, बसला होता ना थो इथी! पुरं ऐकून गेला!"

प्रवीण झटकन आशाबाईंच्या मागं झाला. 'पुढे या, पुढे या' म्हणून आपण बोलावत कोणाला होतो!

"भेऊ नको," त्याला घरी नेताना आशाबाई म्हणाल्या. "वाघानं ऐकून घेतलं, आता माणसाचं काय भेव!"

त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेनं स्टेजवर गेला. हॉल खच्चून भरलेला. तोंड उघडलं, पण डोळ्यांपुढं आलं ते दबलेलं गवत, आणि माइकमधून निघालं, "वाघ!"

दुसरीकडे लोक हसले असते. इथं हॉल रिकामा झाला! परीक्षक तर खिडकीतून गेले!

प्रवीणनं पाहिलं, समोर नुसत्या खुर्च्या. त्यानं घसा खाकरला आणि अख्खं भाषण एकदाही न अडखळता म्हणून टाकलं!

महोदय हे नाव मात्र खरंच पुसलं गेलं. आता कॉलेज त्याला 'वाघ' म्हणतं. आणि तो बोलायला उभा राहिला, की पोरं आधी खिडक्या उघडून ठेवतात.