सुगंधाबाई आणि बत्तीस बटणं

एका जंगलात, मुलांनो, कारभार फार पारदर्शक होता. पारदर्शक म्हणजे ज्यातून आरपार दिसतं ते. ज्याला मुळात दिसतच नाही त्याचं काय, असं मध्येच विचारायचं नाही. गोष्ट त्याचीच आहे. गप्प बसा आणि ऐका.

तर या जंगलात जांभळीखाली एक तळं होतं. उन्हाळा आला की तळ्यातलं पाणी कमी व्हायचं आणि भांडणं वाढायची. पूर्वी ज्याचा दात मोठा तो आधी प्यायचा. मग एकदा सहलीला आलेल्या माणसांची पिशवी एका माकडानं पळवली. पिशवीत अर्धा वडापाव निघाला आणि एक टॅब्लेट निघाला. वडापाव माकडानं खाल्ला. टॅब्लेट वनराज सिंहाला द्यावा लागला. तो चार्ज कुठे करायचे, हेही विचारू नका. बोधकथेत बॅटरी संपत नाही.

टॅब्लेटवर एक खेळ होता, ‘पळ हरणा पळ’. हरीण पळतं. खड्डा आला की उडी मारायची, फांदी आली की वाकायचं, वाटेतली फळं गोळा करायची. वनराजांनी हुकूम काढला, की रोज सकाळी प्रत्येकानं एकेक डाव खेळायचा. ज्याची फळं जास्त, त्याचा पाण्याला नंबर आधी. दात नाही, शिंग नाही, वशिला नाही. सगळ्यांना एकच नियम! जंगलानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत सुगंधाबाईही होत्या.

सुगंधाबाई म्हणजे चिचुंद्री. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला त्या दिवशी सर्दी असणार. चिचुंद्रीला तसंही बेताचंच दिसतं. सुगंधाबाईंना तेवढंही दिसत नव्हतं. पण त्यांचं अडत मात्र काही नव्हतं. पान गळलं तरी कुठल्या झाडाचं ते त्या सांगायच्या. त्यांना चार पिल्लं. बाहेर पडताना पहिलं पिल्लू आईची शेपटी तोंडात धरी, दुसरं पहिल्याची, आणि अशी ती आगगाडी जंगलभर फिरे. एकही डबा कधी घसरला नव्हता.

खेळात मात्र त्यांचं हरीण पहिल्याच खड्ड्यात पडायचं. रोज. फळं शून्य, नंबर शेवटचा. तोवर गवे आणि रानडुकरं तळ्यात लोळून गेलेली असायची.

एके दिवशी धाकट्यानं विचारलं, “आई, आज पाणी प्यायचं की चावायचं?”

सुगंधाबाई तडक दरबारात गेल्या.

“महाराज, मला हा खेळ दिसत नाही. ऐकू येईल असा करून द्या. बाकी मी बघते.”

“अरेरे!” वनराज म्हणाले. दरबारातही अरेरे झालं. तरसानं तर डोळे पुसले.

“रडू नका हो,” सुगंधाबाई म्हणाल्या. “रडण्यानं खेळ ऐकू येत नाही.”

लगेच समिती नेमली. विषय दृष्टीचा, तेव्हा जंगलातली सगळ्यात तीक्ष्ण दृष्टीची मंडळी घेतली. घार घेतली, ससाणा घेतला, गिधाड घेतलं. सौंदर्यदृष्टीही हवी म्हणून मोर पिसेसाहेब अध्यक्ष झाले. आणि टॅब्लेटमधलं सगळं कळतं म्हणून पिशवी पळवणारं माकड, श्री. फांदेकर, सचिव झालं. सुगंधाबाईंना घ्यावं असंही कुणीतरी सुचवलं. पण बैठक उंबराच्या शेंड्यावर असायची. त्या चढणार कशा?

समितीनं काम मनावर घेतलं हो. आंधळेपणाचा अनुभव यावा म्हणून सगळ्यांनी अर्धं मिनिट डोळे मिटले. फांदेकर फांदीवरून पडले. अनुभव अत्यंत दाहक होता, अशी नोंद झाली.

बैठका सुरू झाल्या तेव्हा पळस फुलत होता. पळस झडून गेला, तेव्हा पहिली सुधारणा बाहेर आली. तळ्याकाठी पिवळीधमक पाटी लागली. तिच्यावर हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अंध खेळाडूंचे सहर्ष स्वागत’.

सुगंधाबाई पाटीवर आपटल्या.

“कशी वाटली?” पिसेसाहेबांनी विचारलं.

“टणक आहे,” नाक चोळत सुगंधाबाई म्हणाल्या.

दुसरी सुधारणा फार मोठी होती. खेळ आता बोलायला लागला. पडद्यावर बोट फिरवलं की तिथे काय आहे ते तो सांगणार. सुगंधाबाईंनी आनंदानं पंजा ठेवला.

“बटण,” खेळ म्हणाला. “बटण. बटण. बटण.”

अशी बत्तीस बटणं झाली. कुठलं कशाचं, ते खेळालाही ठाऊक नव्हतं.

“अहो, पण खेळ सुरू कशानं होतो?”

“हिरव्या बटणानं,” पिसेसाहेब म्हणाले. “अगदी देखणं हिरवं आहे. मी स्वतः निवडलंय.”

धाकट्यानं आईचा पंजा हिरव्यावर नेऊन ठेवला. तर खेळ म्हणाला, “आपण माणूस नाही हे सिद्ध करा. ज्या चित्रांत आंबा आहे ती निवडा. चित्र. चित्र. चित्र.”

सुगंधाबाई हताश झाल्या आणि मग भडकल्या. त्यांनी फांदेकरांना शेपटीला धरून खाली ओढलं.

“बसा इथे! आणि मी सांगते तसं करा. खड्डा आला की बेडूक ओरडला पाहिजे. फांदी आली की वटवाघळाची फडफड. फळ असेल तिथे टप् असा थेंबाचा आवाज. डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या. काळोखात आम्ही असंच चालतो. जिथे खड्डा तिथे बेडूक बसलेलाच असतो.”

“एवढंच?” फांदेकर म्हणाले. “हे तर एका दुपारचं काम आहे.”

“मग इतके दिवस काय करत होता?”

“बैठका.”

दुपारी काम झालं. दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई खेळल्या. बेडूक, उडी. फडफड, वाकल्या. टप्, टप्, टप्. चारशे बारा फळं! वनराजांची तीनशे नव्वद होती.

त्या सकाळी चारही पिल्लांनी पहिल्या नंबरानं पाणी प्यायलं. गार, नितळ पाणी. धाकटं पीत होतं आणि मध्येच थांबून हसत होतं. सुगंधाबाईंचा ऊर भरून आला. हसलेलं त्यांना ऐकू येत होतं ना!

असं सात दिवस चाललं. आठव्या दिवशी घारीनं तक्रार केली.

“हा शुद्ध अन्याय आहे! खड्डा दिसायच्या आधी तिला बेडूक ऐकू येतो.”

“बेडूक तुमच्यासाठीही ओरडतोच की,” सुगंधाबाई म्हणाल्या. “ऐका.”

“आम्हाला ऐकायची सवय नाही!”

दुसरा नंबर लागल्यापासून वनराजांचं मन कशात लागत नव्हतं. त्यांनी तीच समिती पुन्हा बसवली. या वेळी निर्णय एका सकाळीच झाला. सर्व संबंधितांच्या भावना लक्षात घेऊन खेळातले आवाज बंद. मात्र अंधांसाठी दुपारी स्वतंत्र विशेष स्पर्धा. तिच्या विजेत्याला सन्मानपत्र, आणि सकाळचं सगळं आटोपल्यावर पाणी.

विशेष स्पर्धेत सुगंधाबाई रोज पहिल्या यायच्या. एकट्याच होत्या. सन्मानपत्रावर पिसेसाहेबांचं अक्षर मोत्यासारखं होतं म्हणे.

पाणी पुन्हा चावायचं झालं. सुगंधाबाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिल्लांना शेपटी दिली आणि काळ्या कड्याच्या कपारीत शिरल्या. आत मिट्ट काळोख, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. सुगंधाबाईंना काळोख काय आणि उजेड काय! दूर आत कुठेतरी टप् टप् ऐकू येत होतं. त्या आवाजामागे गेल्या. झरा होता.

पुढच्या पंधरा दिवसांत तळं आटलं. पार भेगा पडल्या. सगळ्यांच्या जिभा लोंबायला लागल्या आणि चिचुंद्रीची पिल्लं मात्र गुटगुटीत. वनराज स्वतः बिळापाशी आले.

“सुगंधाबाई, पाणी कुठे आहे?”

“कपारीत. आवाज येतोय की.”

“आम्हाला नाही येत हो.”

“अरेरे!” सुगंधाबाई म्हणाल्या. “समिती नेमू या का?”

कुणी हसलं नाही. सुगंधाबाईंनाच मग राहवलं नाही. “चला,” म्हणाल्या, “धरा शेपट्या.”

आणि आगगाडी निघाली. पुढे सुगंधाबाई, मागे चार पिल्लं. धाकट्याची शेपटी वनराजांच्या तोंडात. “दात लावायचा नाही हं महाराज,” धाकट्यानं दोनदा बजावलं. वनराजांची शेपटी पिसेसाहेबांच्या चोचीत, त्यांची पिसं घारीच्या, आणि मागे अख्खं जंगल. पुढून वास येत होता, पण नाक मुरडायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं.

सगळे पोटभर प्याले. वनराजांनी ढेकर दिली. आणि त्या काळोखात त्यांचा आवाज घुमला, “उद्यापासून या झऱ्यावरही खेळाप्रमाणे नंबर! आवाज अर्थातच बंद.”

“बरं महाराज,” सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी पिल्लांना शेपटी दिली आणि बाहेर पडल्या.

आत कुणालाच वाट सापडेना.

“सुगंधाबाई?” आतून आवाज आला. “ओ सुगंधाबाई!”

“डाव सुरू झालाय, महाराज!” त्या कपारीच्या तोंडाशी बसून ओरडल्या. “बेडूक ओरडला की उडी. फडफड झाली की वाका. दोन्ही आवाज चालूच आहेत. इथले मला बंद करता येत नाहीत.”

सगळ्यात आधी फांदेकर बाहेर आले. आवाज त्यांनीच बसवले होते ना! बाकीची मंडळी दुपारभर धडपडत होती. वनराज सगळ्यांच्या शेवटी, उन्हं उतरताना निघाले. अंगभर चिखल, कपाळावर तीन टेंगळं.

धाकटं पुढे झालं. त्यानं अगदी आदरानं विचारलं, “महाराज, किती फळं?”

वनराज कपाळावरचा चिखल पुसत राहिले.

“म्हणजे शून्य,” धाकटं म्हणालं. “मग उद्या तुमचा नंबर शेवटचा.”

तात्पर्य: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काही करायचंच असेल, तर ते त्यांना न विचारता करावं. विचारलं की काम होतं. आणि काम झालं की ते जिंकतात.