पास झाल्याचा झेंडा

शाळेतून फोन आला तेव्हा हार्मेन चॉकलेटचा चुरा भुरभुरवलेला पाव खात होता. फोन ठेवला, पाव तसाच ताटलीत टाकला आणि तो तडक माळ्यावर गेला झेंडा काढायला. त्याची मुलगी फेन्ना पास झाली होती! इतर विषयांची काळजी कधीच नव्हती, पण गणिताने गेली दोन वर्षं त्या घरात एखाद्या न जाणाऱ्या पाहुण्यासारखं ठाण मांडलं होतं. आज ते काठावर का होईना, उठून गेलं होतं.

ओल्डरवेन गावात दुपारपासून घरोघर झेंडे चढत होते. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या मुलाच्या घरावर देशाचा झेंडा लागतो आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर लटकतं. हार्मेनने शिडी लावली. झेंडा गुंडाळलेलाच होता, दोन्ही टोकांना सारख्याच दोऱ्या. त्या त्याने काठीला बांधून टाकल्या आणि सगळं लक्ष दप्तरावर दिलं. हार्मेन नगरपालिकेत झाडं तोडण्याचे परवाने देणारा माणूस. आपल्या हातून कोणाच्या डोक्यावर काही पडू नये, ही त्याची आयुष्यभराची काळजी. दप्तराला त्याने चार गाठी मारल्या, हिसडून पाहिल्या, मग झेंडा सोडला. वारा नव्हता. झेंडा भिजलेल्या टॉवेलसारखा खाली लोंबला. हार्मेन समाधानाने उतरला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहाटे पाचला वारा सुटला आणि झेंडा उघडला. निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली. म्हणजे देशाचा झेंडा चक्क उलटा.

त्या उन्हाळ्यात उलट्या झेंड्याचा अर्थ देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आधी तो शेतकऱ्यांनी लावला, सरकारवरच्या रागापायी. मग ज्यांचं ज्यांचं कशावरून तरी बिनसलं होतं त्या सगळ्यांनी लावला. सरकार तर आज पडतंय की उद्या, अशा अवस्थेला आलं होतं. ओल्डरवेनमध्ये उलटे झेंडेवाले आणि सुलटे झेंडेवाले बेकरीच्या रांगेतही एकमेकांकडे पाठ करून उभे राहत. आणि या सगळ्यात हार्मेन असा गृहस्थ, की ‘आज उकडतंय नाही?’ असं कोणी म्हटलं तर ‘काहींना उकडत असेल’ म्हणणारा.

त्याची सायकल मागच्या खोपटात असे. त्यामुळे तो मागच्या बोळातूनच कचेरीला निघाला आणि आपल्या घराच्या पुढच्या बाजूला काय फडकतंय हे त्याने पाहिलंच नाही.

कालव्याच्या पुलावर टीमेनने ट्रॅक्टर आडवा घातला. टीमेनचा दुधाचा धंदा, नव्वद गाई, आणि आवाज असा की गाईंना हाक मारायला त्याला गोठ्यात जावं लागत नसे. दोन वर्षांपूर्वी हार्मेनने त्याला एक पिंपळाएवढं पॉपलर तोडायची परवानगी नाकारली होती. तेव्हापासून बोलणं बंद. आज तो उडी मारून खाली उतरला आणि त्याने हार्मेनचा हात दोन्ही हातांत धरला.

“हार्मेन, पाहिलं रे मी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

“माझ्याही आलं काल,” हार्मेन म्हणाला.

“किती सोसलंस रे आतल्या आत! आणि आम्हाला वाटायचं, तुला काही वाटतच नाही.”

“काय सांगू टीमेन. दोन वर्षं झोप नव्हती घरात. रोज संध्याकाळी रडारड.”

“रडारड?” टीमेन हेलावला. “वहिनीसुद्धा?”

“तीच जास्त. शेवटी शेवटी तर बाहेरून माणूस बोलवावा लागला.”

बाहेरून माणूस! हार्मेन बोलत होता गणिताच्या शिकवणीबद्दल. टीमेनच्या डोळ्यांपुढे काय चित्र आलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली, ट्रॅक्टरमागून तीस अंड्यांचा खोका काढला आणि हार्मेनच्या सायकलच्या टोपलीत ठेवला. “आता तू एकटा नाहीस,” तो म्हणाला.

एका मुलीच्या गणिताने माणसं अशी जवळ येतात म्हणजे कमालच, असं म्हणत हार्मेन अंडी सांभाळत पुढे निघाला. चौकात हेडविख बाई भेटल्या. बाई त्यांच्या समोरच राहत. फेन्नाला त्यांनीच पहिलीत अक्षरं शिकवली होती. सुलट्या झेंड्यांच्या त्या गावातल्या आघाडीच्या कार्यकर्त्या. हार्मेन हसून म्हणाला, “बाई, पाहिलंत ना?”

“पाहिलं.” बाईंचा चेहरा दगडासारखा. “खरं सांगू? तुमच्या घराकडून मला ही अपेक्षा नव्हती.”

हार्मेनचं हसू मावळलं. “म्हणजे? नव्हतीच?”

“मुळीच नव्हती. इतकी वर्षं ओळखते मी तुम्हाला.”

“तिने रात्रीचा दिवस केला, बाई!”

“कोणी, तुमच्या बायकोने, योरिनने? म्हणजे ही तिची कल्पना?” बाई सायकलवर बसल्या. “मला तर वाटायचं, तुमच्या घरात ती एकटी शहाणी आहे.”

आणि त्या निघून गेल्या. हार्मेन संतापाने लाल झाला. स्वतःची विद्यार्थिनी पास झाली तर बाईंना पोटशूळ उठावा? तो कचेरीत पोचेपर्यंत खोक्यातली तीन अंडी फुटली होती.

कचेरीत त्याला आल्या आल्या लुबर्ट साहेबांनी आत बोलावलं. साहेब हे ओरडणारे नव्हते. ते काळजी करत, आणि ती समोरच्याला करायला लावत. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, हार्मेनने एक घेतल्यावर बंद केला.

“हे बघा हार्मेन. घर तुमचं, भिंत तुमची. मला त्यात पडायचं नाही.”

“साहेब, तुम्हीही पाहिलंत?”

“मी? महापौरांनी पाहिलं. वर्तमानपत्राने पाहिलं. तुम्ही नगरपालिकेचे नोकर आहात हो. उद्या एखादा म्हणेल, याच्या टेबलावर माझ्या झाडाला न्याय मिळेल का?”

“पण साहेब, माझी मुलगी पास झाली याचा झाडांशी काय संबंध?”

साहेबांनी फोन पुढे सरकवला. पडद्यावर हार्मेनचं घर होतं. निळा वर, लाल खाली, टोकाला फेन्नाचं दप्तर. खाली कोणीतरी लिहिलं होतं: ‘मुलांच्या भविष्याचं ओझं लोंबकळतंय. सरकार, बघा! एका सरकारी नोकराची हिंमत!’ चार हजार लोकांना ते आवडलं होतं.

हार्मेनच्या तोंडातलं बिस्किट कोरडं पडलं. पुलावरचं बोलणं, चौकातलं बोलणं, सगळं त्याच्या डोक्यात उलटं होऊन पुन्हा सुलटं बसलं.

“साहेब,” तो क्षीण आवाजात म्हणाला, “मी दप्तराकडे बघत होतो.”

“म्हणजे चुकून?”

“चुकून.”

“हे कोणी मानणार नाही हो,” ते दुःखाने म्हणाले. “तुमच्या हातून चूक झाल्याचं या इमारतीत कोणी पाहिलेलंच नाही. जा, काढा तो. शांतपणे. कोणाच्या नजरेस न येता.”

हार्मेनने घरी फोन लावला. योरिनने सुट्टी काढली होती, संध्याकाळच्या पार्टीसाठी.

“योरिन, पटकन शिडी लाव आणि झेंडा उलटा कर. म्हणजे सुलटा कर!”

“कशी करू?” मागून भोंग्यांचा आवाज येत होता. “अरे, सहा ट्रॅक्टर उभे आहेत दारात. टीमेन सगळ्यांना सांगतोय की मी दोन वर्षं रडतेय. मी कधी रडले रे?”

“आणि समोर?”

“समोर हेडविख बाईंनी अंगणात माणसं जमवलीत, चाळीस तरी. सगळ्यांच्या हातात सुलटे झेंडे. माझ्याकडे अशा बघतायत, जणू मी तिजोरी फोडली. हार्मेन, केक बारा आणलेत मी. एवढ्यांना कसे पुरवू?”

हार्मेनने सायकल अशी हाणली की उरलेली अंडीही कामी आली. घरापुढे पाहतो तो ट्रॅक्टरवाले इकडे, झेंडेवाले तिकडे, मध्ये त्याचं ट्यूलिप संपलेलं छोटंसं अंगण. तो दिसताच एका बाजूने टाळ्या पडल्या, दुसऱ्या बाजूने ‘शेम शेम’चा ओरडा झाला. आयुष्यात त्याला या दोन्हींपैकी काहीच मिळालं नव्हतं.

त्याने शिडी लावली. तो चढू लागला. चौथ्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की आपण भलतेच अडकलो. झेंडा फिरवला तर टीमेन म्हणणार, साहेबांनी दम दिला आणि घाबरला. नाही फिरवला तर नोकरीवर गदा. आणि अर्ध्या तासात फेन्ना निकालपत्र घेऊन घरी येणार, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी तिला दारात ही लढाई दिसणार. या शेवटच्या विचाराने त्याला धीर आला. तो वळला, शिडीला एका हाताने धरून म्हणाला, “मंडळी, चूक झाली!”

“ऐकलंत?” टीमेन गरजला. “तो म्हणतो चूक झाली! या देशात चूक झाली म्हणायची हिंमत आहे कोणाची?” भोंगे वाजले.

“ऐकलंत?” हेडविख बाई आपल्या माणसांना म्हणाल्या. “चूक कबूल करतोय. मोठं मन लागतं त्याला.” तिकडेही टाळ्या.

“अहो, तसं नाही!” हार्मेन वरून ओरडला. “माझ्या झेंड्याला काही म्हणायचंच नाहीये!”

“हेच!” टीमेन म्हणाला. “आपल्याला बोलूच देत नाहीत!”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “झेंडा हा पक्षाचा नसतोच.”

हार्मेनने बोलणं सोडलं आणि गाठी सोडायला घेतल्या. झेंडा पटकन सुटला. पण घाईत त्याच्या कोपराचा धक्का दप्तराला बसला. चारही गाठी शाबूत राहिल्या, दप्तराचा तळ मात्र फाटला. गणिताची तीन पुस्तकं, एक मोजा आणि मार्च महिन्यातला चीझचा पाव, आता पुरता हिरवा झालेला, असं सगळं शिडीखाली येऊन उभ्या राहिलेल्या टीमेनच्या टोपीवर कोसळलं. मग हेडविख बाई पुढे आल्या, त्यांनी टीमेनच्या खांद्यावरून मोजा उचलला आणि त्यांना इतकं हसू आलं की त्यांना टीमेनलाच धरून उभं राहावं लागलं.

“बाई, हसता काय,” टीमेन पाव झटकत म्हणाला. “हा पाव पाहून सरकारसुद्धा पळून जाईल.” आणि तोही हसायला लागला.

तेवढ्यात हार्मेनने झेंडा नीट बांधला. लाल वर. तो दोरी ओढून बघतोय, इतक्यात ट्रॅक्टरवरचा एक जण फोन उंच धरून ओरडला, “पडलं! सरकार पडलं!”

सगळ्या माना आधी फोनकडे गेल्या, मग वर झेंड्याकडे, मग शिडीवरच्या हार्मेनकडे.

“याला आधीच कळलं होतं,” टीमेन हलक्या आवाजात म्हणाला. “बरोबर वेळ साधून फिरवला बघा. नगरपालिकेत बातम्या लवकर येतात.” आणि त्याने टोपी काढली.

“सरकार पडलं तरी देश उभा आहे, असं म्हणायचंय त्याला,” बाईंनी आपल्या लोकांना समजावलं. “नाहीतर आजच कशाला सुलटा करेल?”

आता दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याशी हात मिळवायला अंगणात घुसली. ट्रॅक्टरवाला आणि झेंडेवाला शिडीच्या पायाशी एकमेकांच्या पायावर पाय देऊन ‘माफ करा हं’ म्हणू लागले. त्या गर्दीत फेन्नाची सायकल येऊन थांबली. सहा ट्रॅक्टर, पन्नासेक माणसं, हातांत झेंडे, वडील शिडीवर. पोरीने तोंडावर हात घेतला.

“बाबा! हे सगळे माझ्यासाठी आलेत?”

टीमेनने हेडविख बाईंकडे पाहिलं. बाईंनी टीमेनकडे पाहिलं. हार्मेनने वरून सगळ्यांकडे पाहिलं आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, काही कागद न तपासता, ठाम आवाजात म्हणाला, “हो बाळ. सगळे.”

“मग काय तर!” टीमेन म्हणाला. “गणित म्हणजे काय खायचं काम आहे?” त्याने खूण केली आणि सहाही ट्रॅक्टरचे भोंगे एकदम वाजले. हेडविख बाईंनी फेन्नाला मिठी मारली ती सोडेचनात. पहिलीत ती सहा आणि नऊ उलटसुलट लिहायची, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं. योरिनने गुलाबी साखरेच्या बारा केकचे सुरीने साठ तुकडे केले. एकाच्या वाट्याला क्रीम आलं तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसती साखर, पण कोणी कुरकुरलं नाही. टीमेनने घरून दूध आणि नवे बटाटे आणवले. निवडणूक कधी लागणार, यावर वाद झाला, पण तोंडात घास असल्यामुळे तो चढला नाही.

सगळे पांगले तेव्हा उन्हं अजून कालव्यावर रेंगाळत होती. फेन्ना मैत्रिणींबरोबर बाहेर पडली. हार्मेन बशा धुवत होता, योरिन पुसत होती.

“हार्मेन,” ती म्हणाली, “आज सगळ्या गावाने मला विचारलं, तुझा नवरा नक्की कोणाचा? मला सांगताच येईना. सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तू मत कोणाला देतोस रे?”

हार्मेनने बशी दोनदा विसळली. “तुला म्हणून सांगतो. गावच्या निवडणुकीत त्या पार्किंगवाल्यांना.”

योरिनच्या हातातला पंचा थांबला. फुकट पार्किंगशिवाय दुसरा शब्द न बोलणारा तो पक्ष होता. “त्यांना? अरे, आपल्याकडे गाडीच नाही!”

“नाही ना. मलाही ते आवडत नाहीत. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी तू त्यांचं पत्रक फ्रिजवर लावलं होतंस. मला वाटलं, तुझे ते आवडते. म्हटलं, घरात कशाला दोन मतं.”

“ते मी मागच्या बाजूला वाणसामानाची यादी लिहायला घेतलं होतं!” योरिन खुर्चीवर बसली. “आणि तू ते इतकं मन लावून वाचत होतास, की मला वाटलं तुझंच त्यांच्यावर मन बसलंय. मीही दर वेळी त्यांनाच देत आले. तू बोलत नाहीस, तर निदान आतून साथ द्यावी म्हणून.”

नळ चालूच होता.

“मागच्या वेळी त्यांची ती एक जागा कितीने आली होती?” योरिनने विचारलं. मोजणी हार्मेननेच केली होती.

हार्मेनने नळ बंद केला, दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, “दोन मतांनी.”