जाळं एकट्यानं वढत नाय

नंदूभाऊ कोळी इंग्रजी शिकवतात, पण 'आय' शिकवत नाहीत.

नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या सी विंगखाली, पार्किंगमध्ये, रोज दिवेलागणीला त्यांचा वर्ग भरतो. फी नाही, फळा नाही, पुस्तक नाही. स्कूटर आणि गाड्यांच्या मधल्या जागेत विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात, "वुई आर! यू आर! दे आर!" मग "वुई वेअर! यू वेअर! दे वेअर!" मग 'हॅव', मग 'डोन्ट'. संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. 'आय अ‍ॅम'पर्यंत गाडी अजून पोचलेली नाही.

बी विंगच्या निमकर वहिनींना लेकाकडे अमेरिकेला जायचं होतं. त्यांनी एकदा धीर करून विचारलं, "भाऊ, विमानतळावर मला 'आय अ‍ॅम निमकर' असं सांगावं लागेल हो."

"कशाला? मिस्टर बरोबर हायत ना? 'वुई आर निमकर' म्हना."

"ते नाही येत आहेत."

"मग जाऊ नका."

नंदूभाऊ मूळचे उरणकडचे. बापाची मासेमारीची होडी होती. हे मात्र बंदरावर नोकरीला लागले आणि उभी हयात जहाजांवरचा माल उतरवून घेण्यात गेली. इंग्रजी शिकले ते देशोदेशीच्या खलाशांकडून. "जहाजावर 'मी' कोन बोलत नाय," ते सांगतात. "वुई आर रेडी, दे आर लेट, यू आर मॅड. आख्खा बंदर यावर चालतो." त्यामुळे त्यांच्या व्याकरणाला डिझेलचा वास आहे. 'दे' च्या पुढे कोणी 'डझन्ट' लावलं की ते कपाळावर हात मारून घेतात. "अरे, एवढा घोळका, आनि त्यांना मिळून एकच चड्डी?" हे वाक्य ऐकल्यावर ती चूक कोणीही परत करत नाही. माझ्या शाळेतल्या मास्तरांना हे सुचलं असतं तर माझ्या हातावरचे वळ वाचले असते.

विद्यार्थ्यांना ते 'खलाशी' म्हणतात. ओरडायचं ते जाळं ओढायच्या ठेक्यात. एक पाय पुढे, हात पोटाशी, आणि 'आर'ला सगळ्यांनी मिळून मागे झुकायचं. ठेका कोणाचा चुकला की भाऊ थांबतात, त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "जाळं एकट्यानं वढत नाय." वॉचमन, इस्त्रीवाला, निमकर वहिनी आणि पेन्शनीतली दोन-चार मंडळी रोज त्या स्कूटरींच्या मधून नसलेलं जाळं ओढत असतात. पाहुणे आले की त्यांना आम्ही डी विंगच्या बाजूने आत आणतो.

आता माझं सांगतो. मी कमी बोलणारा माणूस. त्यात अपराधी वाटून घ्यायची जुनी खोड. माझ्यासाठी कोणी लिफ्ट थांबवली तर पोचेपर्यंत मी माफी मागत असतो. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तर ती मला गोड लागत नाही. अशा माणसाला सोसायटीच्या कमिटीवर घेऊ नये. घेतलं.

वर्गाच्या आरडाओरड्याबद्दल तक्रारी आल्या. ए विंगला मालिकांमधले संवाद ऐकू येईनात. आमच्या सेक्रेटरी सबनीसबाईंनी फर्मान काढलं की वर्ग बंद. "तुम्हीच सांगा, पराडकर. तुमचं कोणाला वाईट वाटत नाही." हे खरं आहे, कारण मी कोणाला काही सांगतच नाही.

सांगायला खाली गेलो. "भाऊ, जरा बोलायचं होतं," असं म्हणेपर्यंत भाऊंनी माझा दंड धरून मला इस्त्रीवाल्याच्या शेजारी उभं केलं. "बोलायलाच तर जमलोय. पाय पुढं घ्या, खलाशी."

आणि मी ओरडलो. आजच मोकळेपणी लिहितो, मला फार बरं वाटलं. आमच्या घरात आवाज न चढवण्याची पद्धत. पन्नाशी उलटल्यावर माझा आवाज केवढा आहे ते मला पार्किंगमध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी 'आज सांगू' म्हणून परत गेलो. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. सबनीसबाई भेटल्या की विचारायच्या, "सांगितलंत?" मी म्हणायचो, "विषय काढलाय." विषय मी रोज काढत होतो, ठेक्यात.

शेवटी बाईंनी मला गेटवर गाठलं. "आज संध्याकाळी मी स्वतः येते. पार्किंग रिकामं दिसलं पाहिजे."

तेव्हा मात्र सांगणं भाग होतं. सुट्टीचा दिवस होता. दुपारीच भाऊंच्या घरी गेलो. वर्ग ज्या जागेत भरतो तिच्या बरोब्बर वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. भाऊ मोरीशी बसून बोंबील साफ करत होते. खिडकीला चिकटवून ठेवलेल्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, उजवा हात मांडीवर निपचित. मला बघून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मुडद्या!"

"बसा," भाऊ म्हणाले. "आमची काशी. बाजारात मासली विकायची. पार टपाल नाक्यापर्यंत आवाज जायचा हिचा. झटका आला नि सगली बोली गेली. तेवढा एकच शब्द ऱ्हायला. डॉक्टरला पन तोच, भटजीला पन तोच."

"मुडद्या," काशीबाईंनी दुजोरा दिला.

मी घसा साफ केला. भाऊ बोंबलाचं डोकं उडवत बोलतच राहिले. नात परदेशात वाढली, तिला मराठी येत नाही. तिला फोनवर दोन शब्द दरडावता यावेत म्हणून काशीबाईंनी नवऱ्यामागे लकडा लावला होता, मला इंग्रजी शिकव. 'दे आर'पर्यंत शिकवून झालं आणि झटका आला.

"मंग एक दिवस खाली गनपतीची आरती चालली होती. सगले एका दमात म्हनत होते. बघतो तर हिचे व्हट हलतायत. घरात मी एकला म्हटली आरती, तर गप. खालून धा जनांचा आवाज आला की हिच्या तोंडातून पन निघतं. आरती काय रोज करनार? कोन येनार? इंग्रजी म्हटलं तर मानसं फुकट येतात." ते उठले, हात धुतले. "तुमी काय बोलायला आले होते?"

"नाही," मी म्हणालो, "बोंबील छान मिळालेत."

संध्याकाळी पार्किंग रिकामं नव्हतं. मी पहिल्या रांगेत, पाय पुढे घेऊन. सबनीसबाई आल्या, कमरेवर हात. "पराडकर, हे काय?"

त्या बाईंशी मी कधी वर मान करून बोललेलो नाही. पण रोज ओरडून गळा तयार झाला होता. "वर्ग बंद होणार नाही, बाई. ए विंगला सांगा, टीव्हीचा आवाज वाढवा. मी कमिटी सोडतो. वर्ग सोडत नाही."

इस्त्रीवाला माझ्याकडे बघतच राहिला. सबनीसबाई काही बोलणार, तेवढ्यात भाऊंनी त्यांचा दंड धरून त्यांना निमकर वहिनींच्या शेजारी उभं केलं. भाऊंना नाही म्हणणं बाईंनाही जमेना, याचा मला मनातून फार आनंद झाला.

"वुई आर!"

आम्ही मागे झुकलो. आता कान कुठे लावायचा ते मला ठाऊक होतं. आमच्या आवाजाला अर्धा श्वास मागे धरून, दुसऱ्या मजल्यावरून एक जाड, घोगरा आवाज उतरला, "वुई... आर."

"यू आर!"

"यू... आर."

सबनीसबाई बावचळून वर बघायला लागल्या. त्या नादात सगळ्यांचं 'दे आर' होऊन गेल्यावर त्यांचं एकटीचं 'आर' पार्किंगमध्ये घुमलं.

 मग वरून, अख्ख्या सी विंगला ऐकू जाईल असं आलं, "मुडद्या!"

सगळे फस्सकन हसले. भाऊ तेवढे हसले नाहीत. "ऐकलं?" ते मला हळूच म्हणाले. "हात धड होता तेव्हा पन अशीच वरडायची. ठेका चुकला की तिला खपत नाय." मग ते शेजारच्या स्कूटरकडे वळले आणि तिची स्वच्छ सीट हाताने पुसत राहिले.

बराच वेळ ते वळेनात. तेव्हा सबनीसबाईंनी पदर खोचला, पाय पुढे घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय हो पराडकर, पुन्हा पहिल्यापासून ना?"