सांडूनानाच्या खिशातलं भुसकट

सांडूनाना शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाही, चष्मा ठेवत नाही, भुसकट ठेवतो. गव्हाचं, चाळून घेतलेलं. तुम्ही पोटतिडकीनं काही सांगत असता आणि हा चिमूटभर काढून तुमच्या तोंडासमोर उडवतो. ते कुठं जातं ते बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हाय. थोडी हाय." हवा! एकाच्या दहाव्याला भटजीच्या तोंडावर उडवलं राव यानं. मी त्याचा नाद केव्हाच सोडला असता, पण आमच्या धावडा गावात माझं फ्लेक्सचं दुकान त्याच्या घराला लागून. जाणार कुठं?

जन्मभर यानं खळ्यावर तिवईवर उभं राहून धान्य उपणलं. वारं कधी सुटणार, हे गाव त्याला विचारायचं. मळणीयंत्र आलं आणि कुणी विचारेना. त्यात मागच्या साली त्याची बायको, आमची काकू, गेली. मंग यानं नवीन खूळ काढलं: शिडाची फळी. पाण्यावर फळी, फळीवर शीड, शीड धरून माणूस उभा, आणि वाऱ्यावर पळायचं. समुद्रावरचा खेळ हो! आमच्या पाझर तलावात म्हशी डुंबतात.

कारण पूजा, त्याची एकुलती एक लेक. लग्न करून समुद्राकाठी गेली. तिथं नवऱ्यासोबत पर्यटकांना हाच खेळ शिकवते. आई गेली तेव्हा आल्ती, पुन्हा फिरकली नाही. एकदा फोनवर हसत बोलून गेली, "नाना, तिथं येऊन करू काय? तुमच्याकडं तर वारं पण न्हाई." पोरगी आपली बोलायचं म्हणून बोलली. यानं ते धरूनच ठेवलं.

"बराबर हाय तिचं," मला म्हणाला. "कमी वाऱ्यात पळंल अशी फळी करून राह्यलो. तलावात पाणी हाय तोवर तिला बोलवायचं."

पहिली फळी थर्माकोलची, वरून फायबर, मोबाइलमध्ये बघून निमुळती केलेली. शीड माझ्याकडच्या जुन्या फ्लेक्सचं, त्यावर हात जोडलेल्या 'भावी सरपंचां'चा फोटो. भावी सरपंच तलावाच्या मध्यापर्यंत गेले आणि तसेच हात जोडून बुडाले. काठावर गाव हसलं, मीही हसलो. नाना चिखलातून वर आला. "भावी सरपंच लई जड हायेत," एवढंच म्हणाला.

मग रात्रंदिवस तेच. "जोराचं वारं काय, घराचं दारबी पळवंल. हलक्या वाऱ्यात फळी पाण्यात बसली की मेली. वर उठली पाह्यजे." म्हणून नवी फळी रुंद केली, मागून तर थेट पाटासारखी. वजन कमी. बाजूला घसरू नये म्हणून खालचं पातं लांब. शीड मोठं, जुन्या छत्र्यांच्या कापडाचं, आणि बरोबर मधोमध काकूची फुलाफुलांची छत्री. मी म्हटलं, "नाना, निदान ही तरी ठिवा की."

"पोरीनं लांबून वळखलं पाह्यजे," नाना म्हणाला.

परवा सकाळी धोतर खोचून, कमरेला टायरची फुगवलेली ट्यूब अडकवून नाना फळीवर उभा राहिला. भुसकट उडवलं, ते जेमतेम हललं. आणि आयला, फळी उठली! पाण्यावरून नुसती घसरत निघाली. म्हशींनी माना वळवल्या. पार पलीकडच्या काठाला जाऊन नाना धडकला, पाण्यात पडला आणि चिखलात बसून हसायला लागला. काकू गेल्यापासून त्याला हसताना मी बघितलं नव्हतं. काढलेला व्हिडिओ 'आता ये' असं लिहून तिथूनच पूजाला पाठवला.

मी धावत नानापाशी पोचतो तोच तिचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"भारी केलं नाना! पण आता कसं येऊ? इकडं सीझन सुरू झाला. पुढच्या साली बघू."

"बराबर, बराबर," नाना म्हणाला. "जेवली का बाई?"

फोन आधीच बंद झाला होता.

मला असला राग आला! म्हटलं, "आता काय झालं तिला? वारं तर हाय की!"

नानानं खिशात हात घातला. भिजून लगदा झालेलं भुसकट काढलं आणि सोडलं. ते सरळ त्याच्या पायाशी पडलं.

"बघ," म्हणाला. "न्हाई वारं. तिचं बराबर हाय."

त्याच्या पाठीमागं काकूची छत्री फडफडत होती. मी फळीचं एक टोक उचललं.